शेतातल्या खोलीला दर पावसाळ्यात नवी भेग : काय तपासायचं आणि पाया कोणता घ्यायचा

पाण्याच्या पंपाचं मोटारघर, खतं-औषधं ठेवायची खोली, राखणदाराची खोली, फार्महाऊसच्या बागेतली बसायची खोली. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा या खानदेशातल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात अशा खोल्यांची दुरुस्ती हेच माझं बरंचसं काम आहे आणि बिघाड बहुतेक वेळा एकच असतो. दहा बाय बाराची खोली, दीड-दोन फूट खोल पाया, वर विटकाम आणि पत्रा. पहिला पावसाळा बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फोन येतो, "भाऊ, दार काबर लागत नही?"

खाली तपासण्या दिल्या आहेत त्या फुकटातल्या आणि सोप्यापासून खर्चाच्या आणि अवघड अशा क्रमाने. हा क्रम मोडू नका. भेग दिसली की लोक आधी सिमेंट भरतात, मग दार रंधतात, मग प्लास्टर नवीन करतात आणि पाणी जिथून येतं तिथे कोणी बघतच नाही. पुढच्या आषाढात भेग त्याच जागी परत येते.

आधी लक्षणं

पायाचा त्रास असला की यातली निदान दोन-तीन लक्षणं एकत्र दिसतात:

- दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग. विटांच्या सांध्यांतून ती पायऱ्या-पायऱ्यांनी जाते.
- पावसाळ्यात अडकणारं दार उन्हाळ्यात कोणी हात न लावता मोकळं होतं, किंवा उलट.
- आतला कोबा मध्यभागी फुगून वर आला आहे, भिंतीच्या कडेने मात्र फट पडली आहे.
- बाहेरचा ओटा किंवा पायरी भिंतीपासून सुटली आहे.
- पाइप जिथे भिंतीतून बाहेर येतो तिथला सांधा पुन्हा पुन्हा गळतो.
- ओळंबा लावला तर भिंत एका बाजूला झुकलेली दिसते.

काही भेगांचा पायाशी संबंध नसतो. स्लॅबच्या लगेच खाली भिंतीत आडवी सरळ भेग असेल तर ती उन्हाची आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, स्लॅब तापून पसरतो, रात्री आकसतो आणि भिंतीचा वरचा थर सोडवतो. त्यावर उपाय छतावर आहे: चुन्याचा पांढरा लेप, उष्णता अडवणारा थर. प्लास्टरवर जाळीसारख्या बारीक रेषा असतील तर पाणी कमी मारलेलं असतं. कॉलम आणि विटकाम जिथे भेटतात तिथली उभी बारीक भेग दोन वेगळ्या मालांच्या सांध्याची असते, तिथे जाळी मारून प्लास्टर केलं की भागतं. या तिन्हींसाठी पाया उकरू नका.

लहान खोलीलाच त्रास जास्त का

गावातलं दुमजली घर नीट उभं असतं आणि शेतातली खोली फुटते, याचं लोकांना नवल वाटतं. कारणं दोन आहेत. जुनी गावठाणं बहुधा पांढरीवर, उंचवट्यावर वसली. शेत मात्र काळीत असतं. आणि दुसरं कारण वजनाचं.

काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज भरपूर असतं. त्याच्या पातळ थरांच्या मधे पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते आणि उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगताना ती वर जो दाब देते तो भारी जमिनीत चौरस मीटरला पाच टनांपासून वीस टन, कधी त्याहूनही जास्त असतो. आता खोलीचा हिशेब करा. नऊ इंची विटेची तीन मीटर उंच भिंत, वर पत्रा. एक मीटर लांबीला वजन साधारण सव्वा ते दीड टन भरतं. ते दोन फूट रुंद पायावर आलं की चौरस मीटरला जेमतेम सव्वादोन-अडीच टन. जमीन खालून त्याच्या दुप्पट-चौपट ढकलू शकते. जड इमारत जमिनीला थोडीफार दाबून धरते, हलकी खोली उचलली जाते.

सगळी खोली सारखी उचलली गेली असती तर भेग पडलीच नसती. पण पाणी सगळीकडे सारखं पोचत नाही. पत्र्याची धार पडते ती बाजू ओली, दुसरी कोरडी. म्हणून "खोली लहान, तिला पाया कशाला मोठा" हा हिशेब काळ्या जमिनीवर चुकतो. इथे पाया ठरतो तो मातीवरून आणि पाण्यावरून, खोलीच्या वजनाचा नंबर त्यानंतर.

तपासणी १ : दोरी, पेन्सिल आणि तारीख

खर्च शून्य. आधी दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. दोन्ही सारखे भरले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे आणि दार अडकतंय ते लाकूड दमटपणाने फुगल्यामुळे. पाया निर्दोष. पाऊस उघडल्यावर दाराच्या वरच्या, खालच्या आणि बिजागरीच्या कडांना रंग लावा, काम संपलं. कर्णांत अर्ध्या इंचाचा फरक आला तर चौकटीखालची भिंत हललेली आहे.

मग प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. भिंत हलली की काच तडकते. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघा. हे धीराचं काम आहे, पण याच्यावर पुढचं सगळं उभं आहे. पावसाळ्यात बदलून उन्हाळ्यात परत पहिल्यासारखी होणारी भेग म्हणजे जमीन श्वास घेते आहे, पाणी आवरलं की ती बरीचशी आवरते. ऋतू कोणताही असो, एकाच दिशेने वाढत जाणारी भेग म्हणजे पाया खचतो आहे किंवा भराव बसतो आहे. तिथे पाणी आवरून पुरत नाही.

भेगेचा आकारही वाचता येतो. वर रुंद आणि खाली बारीक असेल तर भिंतीची टोकं खाली गेली आहेत किंवा मधला भाग वर आला आहे. आकसलेल्या कोरड्या जमिनीत हे दिसतं. खाली रुंद, वर बारीक असेल तर टोकं उचलली गेली आहेत, म्हणजे कोपऱ्यांत पाणी मुरतंय. तेव्हा थेट कोपऱ्यांकडे जा.

तपासणी २ : पाणी कुठून येतंय

माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त खोल्या इथेच सुटतात, म्हणून या तपासणीला एक अख्खा दिवस द्या. पाऊस चालू असताना छत्री घेऊन खोलीभोवती फिरलात तर सर्वांत उत्तम.

पत्र्याचं पाणी. वळचणीखाली जमिनीत सरळ रेषेत खळगे दिसतात का? तिथे दर पावसाला पाणी पायाच्या कुशीत मुरतं. पन्हळ लावा आणि तिचा पाइप खोलीपासून निदान तीन मीटर लांब सोडा. पन्हळ लावून तिचं तोंड कोपऱ्यातच सोडलेलं मी फार वेळा बघतो. मग सगळ्या छताचं पाणी एकाच कोपऱ्याला मिळतं आणि न लावलेली परवडली असं होतं.

ड्रिपचा फिल्टर. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, हे कारण सर्वांत जास्त सापडतं. सँड फिल्टर मोटारघराला चिकटून बसवलेला असतो आणि बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुतानाचं पाणी रोज भिंतीच्या पायथ्याशी पडतं. पावसाळ्यात माती ओली असणं समजू शकतो, पण इथे एक कोपरा बारा महिने चिंब आणि समोरचा कोपरा मे महिन्यात भेगाळलेला, असा फरक पडतो. बॅकवॉशची नळी लांबवून सरीत सोडा. हा पाइपाच्या एका तुकड्याचा खर्च आहे.

गळके सांधे. मोटार बंद असताना मेन लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी भिंतीजवळची जमीन बघा. पाइप भिंतीतून पक्का सिमेंटने बांधलेला असेल तर भिंत हलली की सांधा तुटतो, सांधा गळला की भिंत आणखी हलते. हे चक्र तोडायला भिंतीतलं भोक पाइपापेक्षा मोठं ठेवा आणि बाहेर लवचीक जोड द्या.

हौद, जनावरांचं पाणी प्यायचं टाकं, न्हाणी, शोषखड्डा. यातलं काहीही खोलीपासून तीन मीटरच्या आत नको. शोषखड्डा तर शक्य तितका लांब आणि उताराच्या बाजूला.

जमिनीचा उतार. भिंतीपासून दोन हातांवर बादलीभर पाणी ओता. ते भिंतीकडे वळलं तर उतार उलटा आहे. ट्रॅक्टरने नांगरता-रोटाव्हेटर मारता दर वर्षी थोडी माती खोलीकडे सरकते आणि काही वर्षांनी शेत जोत्याच्या वर जातं. अशी माती काढून टाका.

हे सगळं झाल्यावर भिंतीभोवती पट्टा करा. काळ्या मातीत अर्ध्या मीटरचा पट्टा उपयोगाचा नाही, निदान दीड मीटर रुंद घ्या. वरची काळी माती फूटभर काढा, जाड प्लास्टिकचा कागद भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार देऊन अंथरा, वर चांगला मुरूम थराथराने धुम्मस करून भरा आणि त्यावर फरशी किंवा कोबा बाहेर उतरता करा. भिंत आणि पट्टा यांच्यामधे डांबर किंवा सीलंटचा सांधा ठेवा, सिमेंटने एकजीव करू नका, नाहीतर पट्टा हलताना भिंतीला ओढतो. पट्ट्यामुळे भिंतीखालच्या मातीतला ओलावा वर्षभर जवळपास सारखा राहतो. हवं आहे ते नेमकं एवढंच. माती पूर्ण कोरडी करणं आपल्या हातात नाही, गरजही नाही.

तपासणी ३ : झाडं

सावलीसाठी खोलीलगत लावलेला कडुनिंब, सुबाभूळ, निलगिरी उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढून घेतात आणि तेवढ्या बाजूची जमीन आकसते. झाडाच्या बाजूचाच कोपरा खाली जात असेल तर शंका घ्या. नवीन झाड लावताना ते पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल तेवढं अंतर सोडा.

जुनं मोठं झाड मात्र घाईने तोडू नका. ते गेल्यावर इतकी वर्षं कोरडी राहिलेली माती हळूहळू पाणी पिते आणि पुढची काही वर्षं फुगत राहते, मग खोली उलट्या दिशेने फुटते. फांद्या छाटून झाडाची पाण्याची भूक कमी करणं बरं. खोली नवीन बांधायची असेल आणि झाड काढलेल्या जागेवरच बांधायची असेल, तर मधे दोन पावसाळे जाऊ द्या.

तपासणी ४ : माती किती फुगते

मृदा आरोग्य पत्रिका दाखवून "माती तपासलेली आहे" असं बरेच जण सांगतात. ती पिकासाठी आहे. नत्र, स्फुरद, पालाश, सामू कळतो, फुगणं कळत नाही. बांधकामासाठीची तपासणी वेगळी.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर खोलीपासून दोन-तीन मीटर लांब खड्डा घ्या, पायाच्या तळाच्या पातळीची माती काढा, सुकवा, कुटा, मैद्याच्या चाळणीने चाळा. दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजनळ्यांत घाला, एकीत रॉकेल आणि दुसरीत शुद्ध पाणी १०० मिलीच्या खुणेपर्यंत. ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमधे माती फुगत नाही, म्हणून तो आपला आधार. समजा रॉकेलमधे माती १० मिलीवर बसली आणि पाण्यात १८ वर, तर फुगणं ८० टक्के. भारतीय मानक १४९८ मधे ५० टक्क्यांपर्यंत कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि त्यावर फार जास्त असे गट आहेत. घरच्या चाळणीने आकडा नेमका येत नाही, कारण प्रयोगशाळेत ४२५ मायक्रॉनची चाळणी लागते. पण मध्यम की फार जास्त एवढं समजतं.

रॉकेल मिळालं नाही तर साधी खूण. ओलसर मातीची बोटाएवढी वळी करून चिमटीत दाबत पट्टी काढा. दोन इंचांहून लांब पट्टी न तुटता निघाली तर माती भारी आहे.

त्याच खड्ड्यात बघा की काळी माती किती खोल आहे आणि खाली काय लागतं. खानदेश एकसारखा नाही. साक्रीकडे डोंगरउतारावर दोन फुटांत मुरूम लागतो. तापीच्या दोन्ही काठांना गाळाचे थर खूप खोल जातात आणि मुरूम हाताच्या खड्ड्यात लागतच नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे आणि वाळू मिसळलेली जमीन मिळते, ती फुगण्याच्या बाबतीत त्रास कमी देते. शेजाऱ्याचा पाया टिकला म्हणून तोच आपल्याकडे करणं धोक्याचं, कारण एकाच शिवारात शंभर पावलांवर जमीन बदलते. नवीन विहीर खणलेली असेल तर तिच्या कडेला थर उघडे दिसतात, जाऊन नीट बघा. काठावरून वाकून नको, लांबूनच.

तपासणी ५ : पाया उघडून बघणं

इथून पुढे काम जोखमीचं होतं. आधी वीज बंद करा आणि मोटारीची केबल जमिनीतून कुठून गेली आहे ते शोधा. पावसाळ्यात हे करू नका.

एकाच कोपऱ्यापासून मीटरभर अंतरावर, दोन फूट रुंदीचा खड्डा पायाच्या तळापर्यंतच खणा. तळाच्या खाली एक इंचही नाही. भिंतीच्या लांबीने चर काढला तर पायाचा बाजूचा आधार जातो आणि भिंत बसते. बघायचं ते असं: पाया किती खोल आहे, खाली काळी माती आहे की भराव की मुरूम, तळाला काँक्रीट आहे की डबर नुसतं मातीत बसवलं आहे, जोत्याला सळईचा बीम आहे की नाही. फोटो काढा, मोजमाप लिहा, त्याच दिवशी मुरूम भरून धुम्मस करा. खड्डा रात्रभर उघडा ठेवू नका.

दीड फुटावर काळ्या मातीतच पाया असेल आणि बीम नसेल, तर खोली का फुटते हे कळलं. पाणी आवरून पट्टा केल्यावरही भेग चालूच राहिली तर दोन मार्ग उरतात: पायाखाली टप्प्याटप्प्याने नवा पाया घालणं किंवा खोली उतरवून नीट बांधणं. मोटारघराएवढ्या खोलीसाठी बहुतेक वेळा उतरवून बांधणंच स्वस्त पडतं. विटा, पत्रा, दार, चौकट परत वापरता येतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पुढचं काही दिसलं तर स्वतः किंवा नेहमीच्या मिस्तरीकडून काम करून घेऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर आणा:

- भेगेत पेन्सिल आत जाते, किंवा भेगेच्या दोन्ही बाजूंच्या भिंती एका पातळीत राहिलेल्या नाहीत.
- भेग कॉलम किंवा बीममधून जाते, सळई दिसते.
- वर स्लॅब आहे आणि तो एका बाजूला उतरला आहे.
- ओळंब्यात तीन मीटर उंचीला एक इंचापेक्षा जास्त फरक येतो.
- खोली विहिरीच्या, नाल्याच्या किंवा नदीच्या काठाजवळ आहे आणि जमिनीवर काठाला समांतर भेग दिसते. या वेळी आधी माणसं बाहेर काढा, मग फोन करा.
- खड्ड्यात पाणी झिरपतं किंवा माती ढासळते.

पायाखाली नवा पाया घालण्याचं कामही याच यादीत आहे. हातभर-हातभर तुकडे पाडून, एक सोडून एक, सिमेंट पक्कं झाल्यावरच पुढचा, अशा क्रमाने ते करावं लागतं. घाईत दोन शेजारचे तुकडे एकदम उघडले की भिंत माणसाच्या अंगावर येते.

नवीन बांधताय तर पाया कोणता

नुसती अवजारं ठेवायची पत्र्याची शेड. हिला हलू द्या. लोखंडी अँगलचा सांगाडा, प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा ठोकळा, त्यात चार बोल्ट आणि खांबाच्या तळाच्या लोखंडी पट्टीच्या वर-खाली नट. जमीन हलली की नट फिरवून लेव्हल पाइपने परत पातळीत आणता येतं. दार भिंतीत न बसवता सांगाड्यातच बसवा. विटेची अर्धी भिंत घालायचा मोह टाळा, कारण हलणाऱ्या सांगाड्यात न हलणारी भिंत तेवढीच फुटते. वारं जोराचं असतं, तेव्हा ठोकळे वजनाला कमी घेऊ नका, शेड उडू नये हेही त्यांचंच काम.

काळी माती चार-पाच फुटांत संपते आणि खाली मुरूम आहे. ही भाग्याची जमीन. काळी माती पूर्ण ओलांडून पाया मुरमात एक फूट तरी न्या. चारी बाजूंना चर खणण्यापेक्षा कोपऱ्यांना आणि मधे खड्डे घेऊन कॉलम उभे करा, वर जोत्याचा बीम. बीम जमिनीला टेकू देऊ नका, खाली तीन इंच तरी पोकळी ठेवा, नाहीतर फुगणारी माती बीमला खालून उचलते आणि खोल नेलेल्या पायाचा उपयोग शून्य. कॉलमभोवती काढलेलीच काळी माती परत भरू नका, ती कॉलमची बाजू धरून वर ओढते. तिथे मुरूम भरा.

काळी माती खोल आहे, खोली लहान आहे. मोटारघरासाठी मी इथे सळईचा अखंड पाया सुचवतो: सगळ्या खोलीखाली एकच काँक्रीटची पाटी, कडांना आणि मधून बीम. जमीन हलली तर खोली एकसंध हलते, फुटत नाही. त्याखालची काळी माती शक्य तेवढी, तीन फुटांपर्यंत, काढून न फुगणारा चिकणसर मुरूम थराथराने दाबून भरा, खोलीच्या बाहेरही तीन-चार फूट. न फुगणाऱ्या चिकट मातीचा असा थर खालच्या काळ्या मातीचं फुगणं आवरतो हे आयआयटी मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी काम करून दाखवलं आणि काळ्या मातीतल्या कालव्यांना ती पद्धत वापरली जाते. वाळू भरू नका. वाळू स्वस्त वाटते, पण तिच्यात पाणी साठून राहतं आणि ते खालच्या मातीला पाजत राहतं. मोटारीचा ओटा भिंतीपासून आणि पाटीच्या बीमपासून सुटा ठेवा.

माणसं राहणार, वर स्लॅब येणार, काळी माती खोल. इथे कंद असलेले पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब. जमिनीत हाताच्या ऑगरने (मोठ्या गिरमिटाने) भोक पाडून तळाशी ते रुंद करतात, आणि काँक्रीटचा हा कंद खोलवर, जिथे ओलावा ऋतूप्रमाणे बदलत नाही तिथे, खोलीला धरून ठेवतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्याकडे रुजवली आणि भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात तिचे नियम आहेत. काळ्या मातीत पाइल साधारण साडेतीन मीटर खोल, कंदाचा व्यास दांड्याच्या अडीचपट. दांडा, सळई, पाइलमधलं अंतर हे इंजिनिअरने ठरवायचं, मिस्तरीने नाही. गोटे असलेल्या जमिनीत ऑगर चालत नाही, तेव्हा आधी खड्डा घेऊन बघा.

भराव. बुजवलेली विहीर, जुनी खदान, उकिरड्याची जागा. शक्य असेल तर जागाच बदला. शेतात पन्नास फूट सरकणं फुकट असतं.

पाया कोणताही असो, जोत्याला आणि दाराच्या वर लिंटेलच्या पातळीला सळईचा सलग पट्टा चारी भिंतींवरून फिरवा. आतली फरशी भिंतीत अडकवू नका, खाली मुरूम आणि कडेने सांधा ठेवा. दिवाळीनंतरचे महिने पायाला सर्वांत बरे: मे महिन्यातल्या करकरीत कोरड्या जमिनीवर घातलेला पाया पहिल्याच पावसात जास्तीत जास्त उचल खातो, आणि चिखलात घातलेला पुढच्या उन्हाळ्यात बसतो. खड्डा खणल्यावर तळ उन्हात सुकू देऊ नका, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी काँक्रीट टाका.

इंजिनिअर येण्याआधी

हे तयार ठेवा म्हणजे त्याची फेरी वाया जात नाही: तारखा लिहिलेल्या भेगांचे फोटो, एक पावसाळ्यातला आणि एक उन्हाळ्यातला. पाया उघडला असेल तर त्याची मापं. खड्ड्यात किती फुटांवर काय लागलं त्याची नोंद. खोलीभोवतीचा नकाशा हाताने काढलेला, त्यात विहीर, हौद, फिल्टर, झाडं आणि पाणी वाहून जायची दिशा. मातीची तपासणी करायला सांगितलं तर जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत बांधकामाच्या माती प्रयोगशाळा आहेत का ते विचारा आणि फुगण्याची टक्केवारी व फुगण्याचा दाब ही दोन्ही मोजमापं नाव घेऊन मागा. नमुना पायाच्या तळाच्या पातळीचा द्या, वरच्या नांगरटीच्या मातीचा नको.